गुन्हा दाखल झाला म्हणून कॉलेज विद्यार्थ्याला काढू शकते का?

प्रश्न असा आहे. भाचा सिडकोत मामांकडे राहतो आणि नाशिकच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला शिकतो. कॉलेज रोडवर दोन गटांत मारामारी झाली, एका मुलाच्या डोक्याला टाके पडले आणि एफ.आय.आर.मध्ये पाच नावे आली. त्यात भाच्याचेही नाव आहे. अटक झालेली नाही, पोलिसांनी नोटीस देऊन चौकशीला बोलावले. आता प्राचार्यांनी मामांना बोलावून सांगितले आहे की, ‘मुलाचा दाखला तुम्हीच काढून न्या, नाहीतर आम्हाला काढावा लागेल आणि मग दाखल्यावर शेरा पडेल.’ परीक्षेचे फॉर्म लवकरच सुरू होतील. कॉलेजला असे करता येते का, आणि मामांनी काय करायचे?

आधी थेट उत्तर देतो. पोलीस तपास चालू आहे, एवढ्याच कारणावर कॉलेजला विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी करता येत नाही. कॉलेजला शिस्तीचे अधिकार आहेत, पण ते स्वतः चौकशी करून वापरायचे असतात. एफ.आय.आर.ची झेरॉक्स फाइलला लावली म्हणजे चौकशी झाली, असे होत नाही. मधल्या काळात इतर मुलांच्या सुरक्षिततेसाठी एखाद्याला काही दिवस आवारापासून दूर ठेवता येते. तात्पुरते दूर ठेवणे, चौकशीनंतर शिक्षा देणे आणि तपासाचे नाव सांगून काढून टाकणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्राचार्यांच्या केबिनमध्ये त्यांची नेहमी सरमिसळ होते आणि त्यात मुलाचे वर्ष जाते.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. अशा प्रकरणांत मुलांच्या बाजूने उभा राहिलो आहे आणि संस्थाचालकांना सल्लाही दिला आहे, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या अडचणी मला माहीत आहेत.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकले ते ‘दाखला काढून न्या’ हे वाक्य. आपल्याकडे मुलांना रीतसर आदेश काढून क्वचितच काढले जाते. पालकांना बोलावतात, चहा देतात, संस्थेच्या नावाची काळजी बोलून दाखवतात आणि दाखल्यासाठीचा कोरा अर्ज पुढे सरकवतात. खेड्यातून आलेले आईवडील आधीच पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढून हादरलेले असतात. ते सही करून मोकळे होतात. त्या एका सहीने काय होते ते समजून घ्या. कागदोपत्री कॉलेजने काहीच केलेले नसते. विद्यार्थीच स्वखुशीने कॉलेज सोडून गेलेला असतो. उद्या तुम्ही कोर्टात गेलात तर पहिला प्रश्न येईल, ‘काढल्याचा आदेश कुठे आहे?’ आदेशच नाही, मग आव्हान कशाला देणार? आणि तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर दाखला घेऊन मूल जाणार कुठे? दुसरे कॉलेज विचारणारच की शेवटच्या सत्रात का सोडले. विषयांचा मेळ, विद्यापीठाची पात्रता, आधीच्या सत्रांचे क्रेडिट, या सगळ्यात ते वर्ष गेल्यातच जमा असते.

म्हणून मामा, पहिली गोष्ट. दाखल्याच्या अर्जावर सही करू नका आणि भाच्यालाही करू देऊ नका. प्राचार्यांशी भांडूही नका. नम्रपणे एक पत्र द्या: ‘अमुक तारखेला आपण तोंडी सूचना केली. विद्यार्थी शिक्षण सोडू इच्छित नाही. कॉलेजचे काही म्हणणे असल्यास कृपया लेखी द्यावे, आम्ही त्याला लेखी उत्तर देऊ.’ ऑफिसमध्ये देऊन स्थळप्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. क्लार्क घेत नसेल तर तेच पत्र स्पीड पोस्टाने आणि कॉलेजच्या ईमेलवर पाठवा. बहुतेक वेळा या पत्रानंतर तोंडी दटावणी थांबते, कारण लेखी द्यायचे म्हटले की कॉलेजला स्वतःच्या वकिलाला विचारावे लागते आणि तो वकील त्यांना मी वर लिहिले तेच सांगतो.

शेऱ्याच्या धमकीने घाबरू नका. दाखल्यावरचा वर्तनाचा रकाना ही कॉलेजच्या हातातली काठी नाही. चौकशी न करता वर्तनावर ठपका ठेवणे ही सुनावणीशिवाय दिलेली शिक्षाच आहे, आणि सुनावणीशिवाय काढून टाकण्याला जसे आव्हान देता येते तसे त्या शेऱ्यालाही देता येते.

आता पोलिसांच्या कागदांकडे वळू. कॉलेजात ‘मुलावर केस आहे’ असे एका दमात बोलले जाते, पण त्या ‘केस’चे निरनिराळे अर्थ असतात. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, म्हणजे एन.सी., झाली असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७४ प्रमाणे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपाससुद्धा करू शकत नाहीत. मग ‘तपासाधीन विद्यार्थी’ हे शब्दच चुकीचे ठरतात. चॅप्टर केस, म्हणजे जुन्या संहितेची कलमे १०७ आणि १५१, नव्या संहितेची १२६ आणि १७०, ही शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई आहे. गणपतीच्या किंवा निवडणुकीच्या आधी ती कित्येकांवर होते. तिच्यात कोणी दोषी ठरत नाही. एफ.आय.आर. म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची पहिली खबर, कोणीतरी पोलिसांना सांगितलेली गोष्ट. तिथून तपास सुरू होतो. दोषारोपपत्र हे पोलिसांचे मत. कोर्ट आरोप निश्चित करते तेव्हा खटला चालवण्यापुरते साहित्य आहे, एवढेच ते म्हणते. दोषी की निर्दोष हे निकालाच्या दिवशी ठरते, आणि त्या निकालाला अनेकदा वर्षे लागतात. तोपर्यंत मुलाने शिक्षण थांबवायचे असेल तर निर्दोष सुटूनही त्याला मिळालेली शिक्षा परत घेता येणार नाही.

तुमच्या भाच्याला आलेली नोटीस बहुधा संहितेच्या कलम ३५(३) खालची आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटकेची गरज वाटली नाही तर पोलीस अशी नोटीस देतात, आणि नोटिशीचे पालन करणाऱ्याला अटक करायची तर कारण लेखी नोंदवावे लागते. म्हणजे पोलिसांनाच हा मुलगा बाहेर राहिल्याने धोका वाटलेला नाही. प्राचार्यांना हे शांतपणे दाखवा. ज्या तपास अधिकाऱ्याने त्याला घरी जाऊ दिले त्याच्यापेक्षा कॉलेजने जास्त कठोर व्हायचे असेल, तर त्याला वेगळे कारण हवे.

मारामारीच्या एफ.आय.आर.मध्ये नावे कशी येतात हेही सांगायला हवे. जखमी मुलगा सिव्हिलला टाके घालून घेत असतो, मित्र आठवतील ती नावे सांगतात. मारणारा, सोडवणारा आणि नुसता उभा असलेला, तिघेही ओळीने येतात आणि भारतीय न्याय संहितेचे समान उद्देशाचे कलम ३(५) सगळ्यांना एकत्र बांधते. बऱ्याचदा दुसऱ्या गटाची उलट फिर्यादही असते. तपासात एखाद्याविरुद्ध पुरेसा पुरावा मिळाला नाही तर पोलीस त्याचे नाव दोषारोपपत्रातून वगळू शकतात. महाराष्ट्रात तपास बंद करताना कोर्टाकडे अ, ब, क अशी समरी, म्हणजे अंतिम अहवाल, पाठवली जाते. फिर्यादच खोटी असल्याचे दिसले तर ‘ब’. एफ.आय.आर.च्या आधारावर मुलाला काढले आणि पुढे त्याचे नाव वगळले गेले, तर कॉलेजच्या निर्णयाखालची जमीनच निघून जाते.

आता कोर्टांनी काय म्हटले आहे ते बघू. दोन प्रकरणे महाराष्ट्रातली आहेत आणि दोन्ही नाशिकला जवळची आहेत.

२०१९ मध्ये मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात एका निवासी डॉक्टर तरुणीने आत्महत्या केली. तिच्या तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा, ॲट्रॉसिटीचा आणि रॅगिंगविरोधी कायद्याखालचा गुन्हा दाखल झाला. त्या स्वतःही पदव्युत्तर विद्यार्थिनी होत्या. जामीन मिळाला, पण त्या परिसरात जायचे नाही अशी अट होती आणि कॉलेजने निलंबित केलेले होते. नियमाप्रमाणे अभ्यासक्रम त्याच कॉलेजात पूर्ण करणे भाग होते, म्हणजे दाराबाहेर ठेवले तर शिक्षणच संपले. हे महाविद्यालय ज्या विद्यापीठाला संलग्न आहे ते आपले म्हसरूळचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायालयाने त्यांना अटी घालून कॉलेजात परत जाऊन शिक्षण पूर्ण करण्याची परवानगी दिली. दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानायचे आहे आणि खटला प्रलंबित आहे म्हणून शिक्षण थांबवणे ही वरून आणखी एक शिक्षा होईल, असा त्यामागचा विचार होता. आरोप किती गंभीर होता ते आठवा. एक तरुण डॉक्टर जिवानिशी गेली होती. माझ्या मनात तिच्या आईवडिलांबद्दल पूर्ण आदर आहे आणि खटला कठोरपणे चालायलाच हवा. पण तो चालेपर्यंत आरोपीचे शिक्षण बंद ठेवायचे नाही, हे इतक्या गंभीर प्रकरणात मान्य झाले असेल, तर कॉलेज रोडवरच्या मारामारीत त्याहून कडक मोजमाप कसे लावणार?

दुसरे प्रकरण मे २०२५ चे, पुण्याचे. अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत इन्स्टाग्रामवर एक पोस्ट टाकली, मग काढून टाकली आणि माफी मागितली. गुन्हा दाखल होऊन तिला अटक झाली आणि कॉलेजने तिचे म्हणणे न ऐकताच निष्कासित केले. परीक्षा सुरू होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या सुट्टीतल्या खंडपीठाने तिला जामिनावर सोडायला सांगितले, निष्कासनाच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू देण्यास सांगितले. तिला बाजू मांडायची संधीच दिली नव्हती, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. हे कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे, म्हणजे नाशिकच्या बहुतेक कला, विज्ञान, वाणिज्य आणि अभियांत्रिकी कॉलेजांचेच विद्यापीठ. आपले प्राचार्य ही बातमी विसरले नसणार. विसरले असतील तर पत्रात आठवण करून द्यायला हरकत नाही.

एवढे वाचून कॉलेज काहीच करू शकत नाही असे समजू नका. इथे पालकांची मोठी गैरसमजूत होते.

कॉलेज स्वतःची चौकशी पोलीस तपासाच्या बरोबरीने चालवू शकते. कोर्टाच्या निकालापर्यंत थांबायचे बंधन त्याच्यावर नाही. पुराव्याचे मोजमापही वेगळे असते. फौजदारी कोर्टात वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावे लागते. शिस्तीच्या चौकशीत, समोर असलेल्या साहित्यावरून काय घडले असण्याची शक्यता जास्त आहे, एवढे पुरते. आपल्याच राज्याच्या शिक्षण मंडळाच्या गुणवाढ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हे स्पष्ट केले आहे. त्याही आधी, १९७३ मध्ये, रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रकरण गाजले होते. काही मुले रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात घुसली. मुलींनी तक्रार केली, प्राध्यापकांच्या समितीने मुलींचे जबाब मुलांच्या अनुपस्थितीत घेतले, मग मुलांना आरोप सांगून त्यांचे म्हणणे ऐकले आणि दोन शैक्षणिक वर्षांसाठी काढून टाकले. उलटतपासणी मिळाली नाही ही मुलांची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. समोरासमोर बसवले तर मुली बोलणार नाहीत आणि पुढे त्यांना त्रास होईल, हे न्यायालयाने ओळखले. मला हा निकाल योग्य वाटतो. प्रत्येक चौकशी कोर्टासारखी चालवायची ठरवली तर वसतिगृहातली मुलगी तक्रारच करणार नाही.

पण त्या समितीने काय केले होते ते पाहा. जबाब घेतले, आरोप काय आहे ते मुलांना सांगितले, त्यांचे म्हणणे घेतले आणि मग ठरवले. तेवढे किमान आहे. आरोपांची लेखी नोटीस, कशाच्या आधारावर आरोप आहे त्याची कल्पना, उत्तराला वाजवी मुदत, ज्याचा स्वतःचा हितसंबंध नाही अशा माणसाचा निर्णय आणि कारणे दिलेला आदेश. प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या हमीपत्रात ‘गुन्हा दाखल झाल्यास प्रवेश रद्द होईल’ अशी ओळ असली तरी हे किमान टळत नाही. माहितीपत्रकातल्या अटीने सुनावणीचा हक्क पुसता येत नाही, हे माझे ठाम मत आहे.

तुमच्या प्रकरणात आणखी एक वाद निघेल. मारामारी कॉलेज रोडवर झाली, आवारात नाही. माझा अनुभव असा की नुसते ‘बाहेर घडले’ म्हणून सुटका होत नाही. जखमी मुलगा त्याच कॉलेजचा असेल, भांडणाचे मूळ कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये असेल, ते दुसऱ्या दिवशी वर्गात येण्याची भीती असेल, तर कॉलेजला त्यात लक्ष घालता येते. उलट दोन्ही गटांचा कॉलेजशी संबंध नसेल आणि तुमचा भाचा तेवढा योगायोगाने तिथला विद्यार्थी असेल, तर कॉलेजची बाजू लंगडी पडते. जखमी मुलगा कुठे शिकतो हे तुम्ही लिहिलेले नाही. ते आधी पाहा.

तात्पुरत्या निलंबनाबद्दल महाराष्ट्रात एक खास कायदा आहे, तो रॅगिंगच्या प्रकरणांत लागतो. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ प्रमाणे तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. तक्रारीत सकृतदर्शनी तथ्य दिसले तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर प्रमुखानेच गुन्ह्याला साहाय्य केले असे मानले जाते. आणि काढून टाकणे? ते कोर्टात दोष सिद्ध झाल्यावर. मग मात्र पाच वर्षे कोणत्याही संस्थेत प्रवेश नाही. विधिमंडळाने स्वतःच दोन पायऱ्या आखल्या आहेत: तपासाच्या काळात निलंबन, दोषसिद्धीनंतर बडतर्फी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत कॉलेजच्या समितीलाही कडक शिक्षा देता येतात, पण त्या समितीच्या स्वतःच्या निष्कर्षावर. लैंगिक छळाच्या तक्रारीत २०१५ च्या नियमांप्रमाणे अंतर्गत समिती चौकशी करते आणि तिच्यासाठी नव्वद दिवसांची मुदत आहे. तिथेही शेवटी नाव कमी करण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. तुमचे प्रकरण यात बसत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडेल.

रॅगिंग नसताना निलंबन करायचे असेल तर माझ्या मते ते मुदतीचे असावे, कारणासह लेखी असावे आणि त्यातून परीक्षा व प्रात्यक्षिके वगळलेली असावीत. ‘पुढील आदेश होईपर्यंत’ असे लिहिलेले निलंबन म्हणजे मागच्या दाराने काढून टाकणेच. हजेरी भरली नाही, टर्म मिळाली नाही, फॉर्म अडला आणि मूल आपोआप बाहेर गेले. असा आदेश हातात आला तर निलंबनाच्या काळातली हजेरी धरली जावी, अशी लेखी मागणी त्याच दिवशी करा.

प्राचार्यांनाही माझे एक सांगणे आहे, कारण ही मंडळी वाईट नसतात, घाबरलेली असतात. जखमी मुलाचे आईवडीलही त्यांच्या दारात बसलेले असतात आणि त्यांची भीती खरी असते. डोक्याला टाके पडलेल्या पोराने, मारणाऱ्यांत ज्याचे नाव आहे त्याच्या शेजारच्या बाकावर बसावे, असे कोणी म्हणू नये. पण त्यावर काढून टाकणे हा एकच उपाय नाही. दोघांच्या प्रात्यक्षिकाच्या तुकड्या वेगळ्या करता येतात, परीक्षेचे ब्लॉक वेगळे ठेवता येतात, एकाला वसतिगृह आणि कॅन्टीन बंद करून फक्त तासांपुरते आवारात येऊ देता येते, दोघांच्या पालकांसमोर लेखी समज देता येते. हे करायला वेळापत्रक हाताळावे लागते, एवढाच त्रास. आणि आदेश टिकतो तो असाच.

आता अशी गोष्ट सांगतो जी पालकांना कोणी सांगत नाही आणि जिच्यामुळे मुलांचे सर्वात जास्त नुकसान होते. कॉलेज ‘माफीनामा’ मागते. ‘झाले गेले विसरून जाऊ, मुलाला दोन ओळी लिहून द्यायला सांगा.’ मूल घाबरून लिहिते: ‘माझ्याकडून चूक झाली, मी भांडणात सामील होतो, पुन्हा असे करणार नाही.’ पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे संरक्षण कायद्यात आहे. पण प्राचार्य पोलीस नाहीत. त्यांना लिहून दिलेला माफीनामा तपास अधिकारी पत्र पाठवून मागवू शकतात, आणि तो मुलाच्या हस्ताक्षरातला कागद खटल्यात त्याच्याविरुद्ध उभा राहू शकतो. सोडवायला गेलेल्या मुलाने भीतीपोटी ‘सामील होतो’ लिहिले तर तो शब्द नंतर पुसता येत नाही. म्हणून कॉलेजच्या नोटिशीला उत्तर द्या, गप्प बसू नका, पण फौजदारी बाजू सांभाळणाऱ्या वकिलाला दाखवल्याशिवाय एकही ओळ देऊ नका. उत्तराचा सूर साधारण असा असावा: आरोप मान्य नाहीत; गुन्ह्याचा तपास चालू असल्याने घटनेच्या तपशिलाबाबतचे म्हणणे राखून ठेवत आहोत; विद्यार्थ्याची आजवरची वागणूक, हजेरी आणि गुण अमुक आहेत; चौकशीला पूर्ण सहकार्य करू; कॉलेजने घातलेल्या वाजवी अटी पाळू. यात सहकार्यही आहे आणि गळ्यात दोरीही नाही. यापुढे शिस्त पाळण्याची हमी हवी असेल तर ती जरूर द्या. पुढच्या वागणुकीची हमी आणि मागच्या गुन्ह्याची कबुली यांत फरक आहे.

तडजोडीचाही विचार करा, पण घाईत नको. मुलामुलांच्या भांडणात दोन्ही घरे समजुतीने घेणार असतील तर उच्च न्यायालय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करू शकते. काही वेळा त्यासोबत समाजकार्याची किंवा रक्कम भरण्याची अट घालते. जखमी मुलाच्या घरी दबावाने मात्र जाऊ नका, नगरसेवकाला घेऊन तर अजिबात नको. त्यातून साक्षीदाराला धमकावल्याची नवीन फिर्याद तयार होते.

अटक झालीच तर? तेव्हाही नाव आपोआप पटावरून जात नाही. पालकांनी अनुपस्थितीचा लेखी अर्ज लगेच द्यावा. परीक्षेच्या दिवसांत मूल नाशिकरोड कारागृहात असेल तर कोर्टाकडे अर्ज करून पोलीस बंदोबस्तात पेपर देण्याची परवानगी किंवा तेवढ्यापुरता जामीन मागता येतो. हॉल तिकीट आणि वेळापत्रक जोडलेला अर्ज न्यायालये सहसा सहानुभूतीने पाहतात. जामिनात ‘साक्षीदारांशी संपर्क ठेवू नये’ अशी अट पडली आणि साक्षीदार त्याच वर्गात असतील तर अंदाजाने वागू नका. कोर्टाकडून स्पष्टीकरण करून घ्या की तासाला बसणे हा संपर्क धरला जाणार नाही.

वाचकांपैकी कोणाचे मूल अकरावी-बारावीला असेल तर त्याचे वय आधी पाहा. कनिष्ठ महाविद्यालय त्याच इमारतीत भरते म्हणून ऑफिस सगळ्यांना एकाच मापाने मोजते. अठरा वर्षांखालच्या मुलाला बाल न्याय अधिनियम, २०१५ लागतो. त्याची ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. सूचना फलकावर नाव लावणारे किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘या मुलावर केस आहे’ असे टाकणारे शिक्षक स्वतः अडचणीत येतात.

दाद कुठे मागायची? कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी ती बंधनकारक आहे. तिने साधारण पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. मूळ कागदपत्रे अडवून ठेवणे ही त्या नियमांत स्वतंत्र तक्रार आहे, हे लक्षात ठेवा. पण परीक्षा तोंडावर असताना या पायऱ्या पुरत नाहीत. मग उच्च न्यायालयात रिट याचिका. शेजारचे धुळे, जळगाव, अहिल्यानगर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जातात म्हणून आपल्याकडेही काही जण तिकडे धाव घेतात. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाकडे आहे.

पुढे नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या फॉर्मवर ‘आपल्यावर गुन्हा दाखल आहे का’ असा रकाना येईल. तिथे खरे लिहायला भाच्याला आत्तापासून सांगा. क्षुल्लक गुन्ह्यापेक्षा तो लपवल्यामुळे नोकरी गेल्याची उदाहरणे जास्त सापडतात, आणि २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानेही माहिती दडवण्याकडे गांभीर्याने पाहिले आहे.

या आठवड्यात करायचे ते एवढेच: एफ.आय.आर.ची प्रत काढा, पोलिसांच्या नोटिशीप्रमाणे हजर राहून हजर राहिल्याची नोंद घ्या, कॉलेजला वरचे पत्र द्या आणि भाच्याला रोज तासाला पाठवा. गेटवर अडवले तर तिथेच वाद न घालता त्या दिवशीचा ईमेल प्राचार्यांना करा, म्हणजे गैरहजेरी कोणामुळे झाली त्याची नोंद राहील. फॉर्मची लिंक उघडल्या दिवशीच फॉर्म भरा, शुल्काची पावती जपून ठेवा. कॉलेजने फॉर्म पुढे पाठवायला नकार दिला तर शेवटच्या तारखेची वाट न पाहता पावती, पत्राची स्थळप्रत आणि एफ.आय.आर. घेऊन मुंबई गाठा. परीक्षेच्या बाबतीत न्यायालय अनेकदा निकाल याचिकेच्या निर्णयावर अवलंबून ठेवून विद्यार्थ्याला पेपर देऊ देते, पण त्यासाठी पेपरच्या आधी तिथे पोहोचलेले असावे लागते.